रिंग खाली आणा, आधी उतरायला शिकवा: लहान मुलांचं बास्केटबॉल

कोर्टकाठ (नागपूर)

उन्हाळी शिबिरांचे फलक लागले की पालकांचे फोन सुरू होतात. बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात: मुलाची उंची वाढेल का, आणि थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेला तीन गुणांचा बास्केट) कधी शिकवणार? दोन्हींची उत्तरं मी देतो आणि मग त्यांना एक प्रश्न विचारतो. तुमचा मुलगा उडी मारल्यावर खाली कसा येतो, हे कधी पाहिलंय का?

पुढच्या वेळी मैदानावर थांबून बघा. दहा-अकरा वर्षांची बरीच मुलं ताठ पायांनी, धप्पकन आवाज करत उतरतात. गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि सगळं वजन टाचांवर किंवा एकाच पायावर पडतं. बास्केटबॉलमधल्या दुखापती बघितल्या तर घोटा आणि गुडघा हीच नावं सगळ्यांत वर असतात. त्यातही गुडघ्याच्या मोठ्या दुखापती बऱ्याचदा कुणाच्या धक्क्याशिवायच होतात. खेळाडू एकटाच उतरत असतो, अचानक थांबत असतो किंवा वळत असतो.

म्हणून माझ्याकडे नवीन आलेल्या मुलांचा सुरुवातीचा बराच वेळ उतरणं आणि थांबणं यातच जातो. जागेवर छोटी उडी, दोन्ही पायांवर उतरणं, कंबर मागे, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत आणि तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. मुलांना मी एकच सूचना देतो: "आवाज येऊ देऊ नका." या एका वाक्याने जेवढं काम होतं तेवढं गुडघ्याचे कोन समजावून होत नाही. दोन पायांवर जमलं की एका पायावर, मग पुढे झेप घेऊन, मग बाजूला. त्यानंतर धावत येऊन जंप स्टॉप (दोन्ही पायांवर एकदम थांबणं), स्ट्राइड स्टॉप (एकामागून एक पाय टेकवत थांबणं) आणि पिव्हट (एक पाय जागेवर ठेवून वळणं). ज्याला थांबता येतं त्याच्या स्टेप्स (बॉल न आपटता टाकलेली जास्तीची पावलं, म्हणजे फाउल) आपोआप कमी होतात, त्यासाठी वेगळी शिट्टी मारावी लागत नाही.

आणि लंगडी! आपल्याकडे हा खेळ असताना एका पायाच्या संतुलनासाठी परदेशी व्हिडिओ शोधायची गरजच नाही. लंगडीत मूल एका पायावर उड्या मारतं, दिशा बदलतं, समोरच्याला गाठण्यासाठी झुकतं आणि तरी तोल सांभाळतं. मी वॉर्मअपमध्ये रोज घेतो, मऊ मातीवर, पाय बदलून आणि थोडा वेळच. खो-खोमधलं खाली बसून झटकन उठणं आणि खांबाला वळसा घालणं हेही बास्केटबॉलच्या बचावात थेट कामाला येतं. ज्या शाळांत खो-खो चांगला आहे तिथली मुलं बचावाच्या स्टान्समध्ये (गुडघे वाकवून उभं राहण्यात) लवकर बसतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरा मुद्दा रिंगचा. जेम्स नेस्मिथने १८९१ च्या डिसेंबरमध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला तेव्हा पीचच्या टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग दहा फुटांवर. खेळणारे विद्यार्थी प्रौढ पुरुष होते. नऊ वर्षांच्या मुलाचा त्या उंचीशी काहीही संबंध नव्हता, तरी आपण त्याला त्याच रिंगखाली उभं करतो आणि हातात मोठ्या पुरुषांचा सात नंबरचा बॉल देतो. मग तो बॉल कमरेपासून दोन्ही हातांनी वर फेकतो, पाठ मागे वाकवतो आणि हीच सवय अंगात मुरते. चौदाव्या वर्षी ती मोडताना मुलाचे आणि कोचचे दोघांचेही हाल होतात.

मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते, म्हणजे साधारण साडेआठ फूट, आणि बॉल पाच नंबरचा. सात नंबरचा बॉल ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो, पाच नंबरचा ४७० ते ५००. नऊ-दहा वर्षांच्या मनगटाला हा फरक फार मोठा आहे.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. शिक्षक, पालक, माजी खेळाडू, सगळ्यांनी.

गोदाकाठची आई

धागा योग्य वेळी आला. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, नुकतीच बास्केटबॉलला जायला लागली आहे. तिथे सगळ्यांना एकच बॉल, सात नंबरचा. घरी येऊन म्हणते मनगट दुखतंय. मुलींच्या गुडघ्यांबद्दल वेगळं काही बघायचं असतं का? आणि उंचीचं उत्तरही इथेच द्या, कारण आमच्या सासूबाईंनी तेवढ्यासाठीच परवानगी दिली आहे.

कोर्टकाठ (नागपूर)

ताई, उंचीचं खरं सांगतो. बास्केटबॉलमुळे उंची वाढत नाही. उंच मुलं या खेळाकडे ओढली जातात आणि निवडलीही जातात, म्हणून लोकांना उलटं वाटतं. उंची मुख्यतः आई-वडिलांकडून येते. ती पूर्ण गाठायला पोटभर सकस खाणं, झोप आणि एकूण तब्येत लागते. सासूबाईंना सांगा की खेळणारं मूल भुकेलं असतं आणि शांत झोपतं, तेवढा फायदा नक्की आहे. शिवाय पॉइंट गार्डला (बॉल पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याला) उंचीपेक्षा नजर आणि पाय जास्त लागतात.

बॉलचं कोचशी शांतपणे बोला. सहा नंबरचा तर मोठ्या बायकाही खेळतात, त्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतला तोच बॉल आहे. म्हणजे तुमच्या मुलीला सात नंबरचा हातात धरण्याची गरज आत्ताही नाही आणि पुढेही नाही. शक्य असेल तर पाच नंबरचा स्वतःचा घेऊन द्या.

मुलींच्या गुडघ्यांबद्दल इथे एक फिजिओ ताई आहेत, त्या माझ्यापेक्षा नीट सांगतील.

हाडवैद्याची नात

हाक मारल्याबद्दल आभार. मी सोलापूरला फिजिओथेरपिस्ट आहे.

गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा दुपटीहून जास्त आहे. वयात येताना मुलींची उंची आणि वजन वाढतं, पण मांडीच्या मागचे आणि कुल्ल्याचे स्नायू त्या प्रमाणात बळकट होत नाहीत, त्यामुळे उतरताना गुडघा आत कोसळतो. दिलासा असा की हे शिकवून बदलतं. उतरण्याचा सराव, एका पायावर तोल, मांडी-कुल्ल्याची ताकद आणि पोटाचे स्नायू असा पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून दोन-तीन वेळा वर्षभर केला तर या दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अट एकच: सातत्य. स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस करून उपयोग नाही.

घरी बघायचं असेल तर मुलीला घराच्या खालच्या पायरीवरून दोन्ही पायांनी खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. हळू गतीने बघा. गुडघे एकमेकांकडे गेले तर काम करायचं आहे असं समजा. घाबरायचं कारण नाही.

अजून एक गोष्ट, जी कोच बोलत नाहीत आणि आयांनाही संकोच वाटतो. पाळी चालू असताना मुलगी खेळू शकते, त्रास होत असेल तर त्या दिवशी सराव हलका ठेवायचा. मात्र आधी नियमित येणारी पाळी खूप सराव सुरू झाल्यावर सलग तीन महिने आली नाही, तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं लोहसुद्धा तपासून घ्या.

कृष्णाकाठचा पीटी सर

मी सातारा जिल्ह्यात एका हायस्कूलवर क्रीडाशिक्षक आहे. वाचायला सगळं छान आहे, पण आमची अडचण समजून घ्या. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. चौदाच्या गटात सहावी-सातवीची पोरं उतरवावी लागतात आणि तिथे रिंग दहा फुटांचीच असते. मी खाली आणलेल्या रिंगवर शिकवलं आणि तालुक्याला गेल्यावर पोरांचे बॉल रिंगला लागलेच नाहीत, तर मुख्याध्यापक मला विचारणार. शिवाय पुढे पालकांना दहावीचे क्रीडा गुण हवे असतात, नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण डोळ्यांसमोर असतं. निकाल दिसला नाही तर ते पोराला काढून क्लासला घालतात.

माझी पद्धत झोनची आहे, म्हणजे प्रत्येकाने ठरलेला माणूस नाही, ठरलेली जागा राखायची. टू-थ्री झोन (दोन पुढे, तीन मागे) लावतो, पोरं आत उभी राहतात, समोरच्यांना बाहेरून टाकता येत नाही. जिंकतो.

भायखळा ते नागपाडा

पीटी सर, तुमच्या झोनवर बोलायचंय.

मी नागपाड्यात वाढलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईच्या त्या दाटीवाटीच्या वस्तीने या देशाला एकामागून एक बास्केटबॉलपटू दिले. बच्चू खान यांच्या नावाचं मैदान आजही तिथे आहे, त्या काळच्या पोरांचे ते गुरू. भारताचे कर्णधार राहिलेले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुनतसिर त्याच गल्ल्यांतले. मैदान उघडं, जागा तुटपुंजी, पण तिथे लहान पोराला पहिल्या दिवसापासून एक माणूस दिला जायचा. "हा तुझा. याने बास्केट केला तर तुझी जबाबदारी." त्याने पाय हलायला लागायचे, नजर वर राहायची.

बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात झोन जिंकतो, कारण समोरच्यांकडे लांबून टाकायची ताकद नसते. त्यात तुमच्या पोरांचं कसब दिसत नाही, समोरच्यांचं वय दिसतं. सतराच्या गटात गेल्यावर समोरचे बाहेरून टाकायला लागतात, आणि तोवर तुमच्या पोरांनी एकट्याने माणूस अडवायला शिकलेलं नसतं. मी अशी किती तरी पोरं बघितली, चौदाव्या वर्षी जिल्ह्याचे हिरो आणि सोळाव्या वर्षी बेंचवर. कडक बोललो असेन, पण मनापासून.

एडिसनचा देशस्थ

न्यू जर्सीत राहतो, मुलगा गावातल्या रिक्रिएशन लीगमध्ये खेळतो. इथली माहिती कामाची वाटली म्हणून लिहितोय. एनबीए (इथली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बास्केटबॉल (देशाची संघटना) या दोघांनी मिळून मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलांना ८ फुटी रिंग, नऊ ते अकरा वर्षांच्यांना ९ फुटी, आणि १० फुटी रिंग बारापासून. अकरापर्यंत झोन बचाव नको, सगळ्यांनी आपापला माणूस धरायचा.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. त्याच गावात आठ वर्षांच्या मुलांना ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी जाऊन खेळणाऱ्या संघात) घालतात, शनिवार-रविवार मिळून चार-पाच सामने, गाडीतच जेवण. इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की आठवड्याला जितके तास ठरवून सराव आणि सामने होतात, ते मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. दहा वर्षांचा असेल तर दहा तास. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि एकाच खेळात गुंतणं पंधरा-सोळापर्यंत लांबवावं. हे सगळं माहीत असणारे पालकसुद्धा शेजारच्याचा मुलगा बघून घाबरतात. आम्ही मुलाला उन्हाळ्यात पोहायला आणि सॉकरला पाठवतो. त्याचे पाय त्यामुळेच चांगले झालेत, असं त्याचा कोचही म्हणतो.

कोर्टकाठ (नागपूर)

पीटी सर, तुमची अडचण खरी आहे. स्पर्धेचे नियम तुमच्या हातात नाहीत, त्यामुळे माझं म्हणणं दोन्ही रिंगा वापरा असं आहे. हात बसवायचा सराव खालच्या रिंगवर, अगदी जवळून, एका हाताने. कोपर रिंगकडे, मनगट खाली झुकलेलं, दुसरा हात फक्त आधाराला. बॉल रिंगला न लागता जाळीत पडायला लागला की एक पाऊल मागे. स्पर्धा जवळ आली की आठवड्यातले एक-दोन दिवस दहा फुटी रिंगवर ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकलेला बॉल) आणि बोर्डावरून जवळचे शॉट. हात सरळ बसलेल्या मुलाला वरची रिंग पायांच्या ताकदीने गाठता येते. उलट मात्र होत नाही.

झोनबद्दल नागपाडावाल्यांशी पूर्ण सहमत. मी सामन्यात पहिले दोन क्वार्टर तरी माणसाला माणूस लावतो. हरलो तरी चालतं, कारण कुणाचे पाय कुठे कमी पडतात ते मला दिसतं.

आणि एक विनंती. चूक केली की कोर्टाला फेऱ्या किंवा उठाबशा, ही पद्धत बंद करा. ज्या धावण्याने आपल्याला त्याचा दम वाढवायचा आहे, तेच आपण शिक्षा म्हणून दिलं तर मूल आयुष्यभर धावण्याचा राग करणार.

नगरचा बाप

मुलगा तेरा वर्षांचा, वर्षभरात उंची झपाट्याने वाढली. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ आलंय, जिना चढताना आणि उडी मारताना दुखतं. कोच म्हणतात, दुखतंय तर तेल लाव आणि खेळ, सवय होईल. काय करू?

हाडवैद्याची नात

भाऊ, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, त्यामुळे एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच. तुम्ही सांगताय त्या वयात, त्या जागी, वाढीच्या काळात होणारा एक त्रास फार सर्रास दिसतो, ऑस्गुड-श्लॅटर. हाडं भराभर लांब होतात, मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि तो नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो ती जागा अजून कूर्चेची, मऊ असते. प्रत्येक उडीला तिथेच ओढ बसते. टाचेलाही असंच होतं, थोड्या लहान वयात, त्याला सीव्हर म्हणतात.

वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं दुखणं थांबतं, टेंगूळ मात्र राहू शकतं. तोवर खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही, पण उड्या आणि स्प्रिंट कमी करावे लागतात. खेळताना थोडं दुखून दुसऱ्या सकाळपर्यंत निवळत असेल तर ठीक. लंगडत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल किंवा सांधा सुजला असेल तर खेळ थांबवून लगेच डॉक्टर. "सवय होईल" हे वाढत्या हाडाला लागू पडत नाही.

सगळ्या कोचना सांगते, भिंतीवर पेन्सिलने खूण करून दर तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजा. मुलींची वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगात असते, मुलग्यांची चौदाच्या आसपास. त्या काळात चांगलं खेळणारं मूलही अचानक अडखळायला लागतं, कारण त्याचे हातपाय लांब झालेत आणि मेंदूला नवीन हिशेब बसवायचा असतो. त्याला आळशी म्हणू नका. उड्या कमी करा, पासिंग, फ्री थ्रो आणि बैठका ठेवा.

गोदाकाठची आई

बैठकांवरून आठवलं. वजनं उचलली की उंची खुंटते म्हणतात. मग ताकद कशी वाढवायची?

हाडवैद्याची नात

देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा नाही. सूचना ऐकून तशी हालचाल करता येणारं सात-आठ वर्षांचं मूलही करू शकतं. सुरुवात स्वतःच्या वजनाने: बैठका, जोर, लंजेस, प्लँक, दोरीवरच्या उड्या. मल्लखांब जवळ असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पकड, खांदे आणि पोट तिन्ही घडतात. वजनं नंतर, हलकी, आणि शिकवणारा समोर हवा. एका दमात जास्तीत जास्त किती उचलता येतं ही स्पर्धा मुलांमध्ये लावू नका.

कोर्टकाठ (नागपूर)

उन्हाचंही लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. सिमेंटचं कोर्ट दिवसभर तापतं आणि संध्याकाळी सहालाही खालून भाजतं, म्हणून सराव पहाटे साडेपाचला आणि सात-सव्वासातला बंद. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्यासाठी थांबायचं, तहान लागण्याची वाट बघायची नाही. घाम खूप गेला असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस. सरावाआधी उपाशी येऊ देत नाही, केळं किंवा शेंगदाणे-गूळ तरी. मूल बरळायला लागलं, चाल बिघडली, अंग तापलं तर तो उष्माघात समजायचा. तिथल्या तिथे सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतत राहायचं आणि सोबतच रुग्णवाहिका बोलवायची. थंड करणं आधी, नेणं नंतर. कोर्टाजवळ पाण्याचा भरलेला पिंप असल्याशिवाय मी सराव सुरू करत नाही.

पहाटेच्या सरावाची दुसरी बाजू झोप. किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास लागतात, त्याहून लहानांना ९ ते १२. रात्री साडेनऊपर्यंत क्लास आणि पहाटे पाचला उठणं, यात काहीतरी तुटणारच. मी पालकांना स्पष्ट सांगतो, परीक्षेच्या आठवड्यात सराव चुकवा, झोप नको.

कृष्णाकाठचा पीटी सर

चर्चा उपयोगी झाली. उंचीच्या खुणा उद्यापासून सुरू करतो. माणसाला माणूस लावून सरावसामने घेऊन बघतो, पोरांचे पाय किती कच्चे आहेत ते मलाही बघायचंय. मुलींच्या गटाला पुण्याच्या शिरीन लिमयेचं उदाहरण देतो, भारताची कर्णधार मराठी मुलगी होऊ शकते हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते.

आता खालच्या रिंगचं. गावात वेल्डिंगवाला आहे, तो पोल करून देतो म्हणाला. मापं काय सांगू?

कोर्टकाठ (नागपूर)

सर, रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, मोठ्या रिंगसारखाच. पोलच्या आत सरकणारा दुसरा पाइप घ्या आणि बोल्टसाठी तीन भोकं पाडून घ्या: रिंग २.६० मीटरवर, २.७५ वर आणि ३.०५ वर येईल अशी. मग एकच पोल पाचवीपासून दहावीपर्यंत चालेल. हलता पोल असेल तर तळाच्या चौकटीवर मागच्या बाजूला वाळूची पोती किंवा सिमेंटचा ठोकळा हवाच, नाहीतर मुलं रिंगला लटकतील आणि पोल त्यांच्यावर येईल. जमत असेल तर काँक्रीटमध्ये पक्काच गाडा. पोल बोर्डाच्या किमान मीटरभर मागे ठेवा, म्हणजे ले-अप मारून येणारं मूल त्यावर आदळणार नाही, आणि जमिनीपासून दोन मीटरपर्यंत त्याला जाड फोम गुंडाळा. बोल्टची टोकं आतल्या बाजूला घासून घ्यायला सांगा. जाळी लावाच, बॉल जाळीतून जाताना जो आवाज येतो त्यासाठी मुलं परत परत टाकतात.

पोल उभा राहिला की फोटो टाका. बोर्डावरच्या चौकोनाचं माप तेव्हा कळवतो.